मिझुरीच्या पात्रात पुणेकर

ट्राउट पकडण्यासाठी माझ्याइतका लायक माणूस शोधून सापडणार नाही, कारण मी मासे खात नाही. फ्लाय फिशिंगचा रिवाजच असा आहे की मासा पकडायचा, त्याचं कौतुक करायचं आणि त्याला परत पाण्यात सोडायचं. मत्स्याहारी माणसाची इथे कसोटी लागते. मासा जाळीत आला की त्याच्या मनात कुठेतरी तवा तापायला लागतो. माझ्या मनात तवा नाहीच. माझं माशांवरचं प्रेम निर्हेतुक आहे, ज्ञानमार्गी आहे आणि, सांगायला संकोच वाटतो, थोडं संतपणाकडे झुकणारं आहे.

हे सगळं मी बाबलला हेलेना शहराहून क्रेगकडे जाताना गाडीत सविस्तर समजावून सांगितलं. बाबल देवगडचा. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाला, "माशाक त्रास देवचो आणि खावचो नाय, ह्यां खयचां शास्त्र?"

मागच्या सीटवरून डॉक्टर म्हणाला, "तू काहून त्याच्या नादी लागून राहिला बे?"

डॉक्टर नागपूरचा, आणि संख्याशास्त्राचा डॉक्टर. आपल्याला ताप आला तर त्याचा उपयोग नाही. किती जणांना येईल ते मात्र तो सांगू शकतो. आम्ही तिघे एकेकाळी हॉस्टेलच्या एका खोलीत राहायचो. आता अमेरिकेतल्या तीन राज्यांत राहतो, तिघांच्याही गोळ्यांच्या डब्यांवर वारांची नावं छापलेली आहेत, आणि अधूनमधून कुठेतरी जमून एकमेकांना जुनेच टोमणे नव्याने मारतो. या खेपेची जागा मी निवडली होती. मोंटाना राज्य, मिझुरी नदी, होल्टर धरणाच्या खालचा पट्टा. क्रेग हे नदीकाठचं गाव एवढंसं आहे की तिथे येणारा माणूस एक तर रस्ता चुकलेला असतो किंवा ट्राउटसाठी आलेला.

मूळ प्रेरणा १९९२च्या 'अ रिव्हर रन्स थ्रू इट' या सिनेमाची. रॉबर्ट रेडफर्डने दिग्दर्शित केलेला. त्यात तरणाबांड ब्रॅड पिट नदीत कमरेइतक्या पाण्यात उभा राहून दोर असा काही फिरवतो की छायाचित्रणाचं ऑस्कर देण्यावाचून परीक्षकांना गत्यंतर राहिलं नसावं. सिनेमा पाहून कितीतरी अमेरिकनांनी काठ्या विकत घेतल्या. मीही तेव्हा साधारण ब्रॅड पिटच्याच वयाचा होतो, पण ग्रीनकार्डाच्या रांगेत होतो. त्यामुळे काठी हातात यायला तीस वर्षं उशीर झाला. नॉर्मन मॅक्लीनची मूळ कथा १९७६ची, ती घडते ब्लॅकफूट नदीवर आणि सिनेमातली मासेमारी बरीचशी चित्रित झाली गॅलाटिन नदीवर, ही माहिती मी गाडीत दोघांना दिली. दोघांनी ती घेतली नाही.

माझी तयारी मात्र पूर्ण होती. काठी नऊ फुटी, चार तुकड्यांची, पाच वजनाची. हे पाच वजन काठीचं नसतं, दोराचं असतं. या खेळात सगळा जडपणा दोरात असतो आणि गळाला बांधलेल्या नकली माशीला वजन जवळजवळ नसतंच. फेकायचा तो दोर. माशी आपली त्याच्यामागून जाते. बाबलला हे ऐकून आमची दया आली. "म्हणजे गळाक शिसां लावूचां तुमकां कोणी सांगूक नाय?"

शिवाय छातीपर्यंत येणारे वेडर घेतले होते. होडीतून जाताना पाय पाण्याला लागत नाहीत, त्यामुळे त्यांची गरज नव्हती, पण ब्रॅड पिटला मी साध्या पँटीत कल्पू शकत नव्हतो. (सिनेमात तो साध्या पँटीतच आहे, असं डॉक्टरने फोनवर काढून दाखवलं.) अंगात जाकीट होतं. त्याचे सगळे खिसे मला अजून सापडलेले नाहीत. घरामागच्या हिरवळीवर मी दोर फेकायचा सराव करत असे, तेव्हा शेजारचे गृहस्थ कुंपणाजवळ येऊन बराच वेळ उभे राहत. मला वाटे, कौतुकाने पाहताहेत. पुढे कळलं की त्यांना त्यांच्या गुलाबांची काळजी होती.

दोराच्या टोकाला ५एक्स जाडीचा टिपेट, म्हणजे अगदी बारीक धागा, बांधतात. ५एक्स म्हणजे साधारण ०.१५ मिलिमीटर. त्याच्या टोकाला अठरा नंबरचा गळ. इथे हिशोब उलटा चालतो, नंबर जितका मोठा तितका गळ लहान. अठरा नंबरच्या गळाच्या छिद्रात तो टिपेट ओवणं हे साठीच्या आसपासच्या माणसाचं काम नव्हे. मी चष्मा कपाळावर चढवून, काठी बगलेत धरून, श्वास रोखून उभा राहिलो, आणि गळ कुठे संपतो व बोट कुठे सुरू होतं याचा अंदाज घेऊ लागलो. बाबलने तो माझ्या हातातून काढून घेतला, ओवला, काहीतरी गाठ मारली आणि दाताने शेपूट तोडलं. गाठ पुस्तकातली नव्हती. दिवसभर सुटली नाही.

तिथे ज्या होडीतून जातात तिला ड्रिफ्ट बोट म्हणतात. ओरेगनच्या मॅकेन्झी नदीवर ही जात तयार झाली. सपाट तळ, दोन्ही टोकं वर उचललेली, मधोमध वल्हवणारा. पुढे एक आणि मागे एक असे दोन गळवाले उभे राहतात. त्यांनी तोल जाऊन पडू नये म्हणून गुडघे अडकवायला खाचा असतात. वल्हवणाऱ्याला गळ टाकता येत नाही. म्हणून पाळीपाळीने वल्हवायचं असं आमचं ठरलं होतं. पहिली पाळी बाबलची. तो वल्ह्यांवर बसला आणि मग उठलाच नाही. दुपारी एकदा मी "आता मी घेतो" म्हणालो, पण ते मी वेडरचे पट्टे सोडत, वेळ लागेल अशा बेताने म्हणालो होतो.

या होडीत वल्हवणाऱ्याचं तोंड प्रवाहाच्या दिशेने असतं आणि तो होडी पुढे नेत नाही, मागे ओढत राहतो. पाण्याला घाई असते, ती त्याने आवरायची. होडी पाण्यापेक्षा सावकाश गेली पाहिजे, काठापासून ठरावीक अंतरावर राहिली पाहिजे आणि पुढच्याची माशी होडीच्या आधी माशापर्यंत पोचली पाहिजे. हे मी पुस्तकातून शिकलो होतो आणि बाबलला शिकवणार होतो. त्याने पहिल्या वळणावरच होडी खडकाच्या आड नेऊन स्थिर धरली आणि विचारलं, "हंय टाकतंस?"

मी टाकला. दोर मागे गेला, हवेत उलगडला, पुढे आला आणि वाळत घातलेलं धोतर वाऱ्याने खाली यावं तसा पाण्यावर आला. जवळचे दोन मासे निघून गेले.

इथून पुढे बाबलने मला एकच आज्ञा दिवसभर दिली. "मेंड कर, मेल्या!" दोराचा मधला भाग वेगवान पाण्यात पडला की तो वाहून जाताना टोकाच्या माशीला ओढतो, खरी माशी कधी अशी पळत नाही, मग मासा समजतो. म्हणून तो मधला भाग अलगद उचलून वरच्या बाजूला टाकायचा, याला मेंड म्हणतात. हा शब्द बाबलने त्या सकाळी दुकानात पहिल्यांदा ऐकला होता. दहा मिनिटांत तो त्यातला अधिकारी झाला.

साडेदहाच्या सुमारास पाण्यावर पीएमडी नावाच्या माश्या यायला लागल्या. फिकट पिवळ्या, पंख उभे धरून शिस्तीत वाहत येणाऱ्या. मेफ्लाय या कुळातल्या. मला हीच वेळ हवी होती. मी दोघांना सांगितलं की हा जीव वर्षाच्या आसपास पाण्याखाली दगडांना धरून काढतो, मग एक दिवस वर येतो, कात टाकून उडतो, झाडीत बसून पंखांसकट पुन्हा एकदा कात टाकतो, लग्न लावतो, अंडी घालतो आणि मरतो. पंख फुटल्यावर त्याला खाण्याजोगं तोंडच नसतं. दिवसा-दोन दिवसांचं आयुष्य, त्यात लग्न तेवढं आहे आणि जेवण नाही. आमच्या आळीत असं लग्न कोणी केलं असतं तर नातेवाईक तीन पिढ्या बोलले असते.

आता नदीभर मासे वर येऊन त्या माश्या टिपत होते. जिकडे पाहावं तिकडे पाण्यावर वर्तुळं. माझी माशीही तशीच पिवळी, तशीच उभ्या पंखांची, त्याच रांगेत वाहत जात होती. तिच्या उजव्या बाजूची खरी माशी खाल्ली गेली. डाव्या बाजूची खाल्ली गेली. माझी तशीच पुढे गेली. डॉक्टर म्हणाला, "खऱ्या माश्या हजारो, तुझी एक. मासा आंधळा असता तरी तुझ्यावर यायची शक्यता काहीच नाही. अन् तो तर पाहून राहिला."

डॉक्टर स्वतः मागे उभा राहून सोवळं सोडून वागत होता. त्याने दोराला एक रंगीत गोळा अडकवला होता आणि त्याच्याखाली बुडणारी अळी. गोळा खाली गेला की काठी उचलायची, एवढाच त्याचा धर्म. मुलीच्या लग्नातल्या हॉलच्या भाड्याविषयी फोनवर बोलता बोलता तो मासे काढत होता. मी तरंगत्या माशीचा, म्हणजे ड्राय फ्लायचा माणूस. इंग्लंडात हॅलफर्ड नावाच्या गृहस्थांनी हे सोवळं पक्कं करून ठेवलं: मासा वर आलेला दिसला तरच, आणि माशी पाण्यावर तरंगती असेल तरच. पुढे स्क्यूज नावाच्या वकिलाने १९१०मध्ये पुस्तक लिहून 'मासे तर बहुतेक वेळ पाण्याखालीच खातात' असं सांगितलं, आणि त्यावरून तिकडे अनेक वर्षं भांडण चाललं. मी हॅलफर्डच्या बाजूचा आहे. आयुष्यात एकदा तरी कर्मठ होण्याची संधी मिळत असेल, तर ती अशा ठिकाणी घ्यावी जिथे आपल्याला जेवायचं नाही.

डॉक्टरने काढलेल्यांत रेनबो होते आणि ब्राउनही. दोन्ही त्या नदीचे मूळचे नव्हेत. रेनबो पॅसिफिक किनाऱ्याकडचा, माणसांनी आणून सोडलेला. ब्राउनची अंडी १८८३मध्ये जर्मनीहून न्यूयॉर्कला आली आणि तिथून त्याची प्रजा देशभर पसरली. इथला मूळ रहिवासी कटथ्रोट. लुईस आणि क्लार्क यांची मोहीम १८०५च्या उन्हाळ्यात याच नदीने वर चालली होती, तेव्हा ग्रेट फॉल्सच्या धबधब्यांपाशी त्यांच्यातल्या गुडरिच नावाच्या शिपायाने गळाला लावला तो हा मासा. त्याच्या शास्त्रीय नावात पुढे लुईस आणि क्लार्क दोघांचीही नावं आली. आता तो डोंगरातल्या वरच्या ओढ्यांकडे सरकला आहे. "म्हणजे होडीतले तिघे न् पाण्यातले दोघे, सगळेच बाहेरून आलेले," डॉक्टर म्हणाला. "फक्त यांना रांग नव्हती."

शास्त्रीय नावांचा विषय निघाला आणि मला सायक्स आठवला. इथे वाचकाने थोडं सैल होऊन बसावं, कारण सायक्स आठवला की मी लवकर थांबत नाही. बायको यालाच 'याला सायक्स झाला' म्हणते.

कर्नल विल्यम हेन्री सायक्स. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारने १८२४मध्ये त्याला दख्खनची संख्यात्मक पाहणी करायला नेमलं. (संख्याशास्त्र म्हटल्यावर डॉक्टरने फोन खाली ठेवला. पुढे हा सायक्स लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीचा अध्यक्ष झाला, हे ऐकल्यावर तर त्याने गोळ्याकडे बघणंही सोडलं.) माणसं, पिकं, भाव मोजता मोजता हा माणूस पक्षी आणि मासेही मोजायला लागला. १८३९मध्ये दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीने छापला. त्यात एका महसीर माशाचं जगातलं पहिलं शास्त्रीय वर्णन आहे. आजचं त्याचं नाव टॉर खुद्री. हा मासा सायक्सला कुठे मिळाला? पुण्याजवळ, मुळा-मुठेत! आणि नाव त्याने लॅटिनमध्ये नवं पाडलं नाही, इथले लोक जे म्हणत तेच लावून टाकलं. त्याच निबंधात फुलंगी आहे, तीही तशीच जागतिक विज्ञानात जाऊन बसली आहे. कुठल्या कोळ्याने टोपली पुढे करून नाव सांगितलं असेल, त्याला कल्पनाही नसेल.

या महसीरापुढे ट्राउट काय आहे हो? ट्राउट बिचारा अठरा-वीस इंचांचा झाला की लोक फोटो काढतात. महसीर मणांच्या हिशोबात बोलतो. मद्रास इलाख्यातले सनदी अधिकारी एच. एस. थॉमस यांनी १८७३मध्ये 'द रॉड इन इंडिया' नावाचा ग्रंथ लिहिला तो मुख्यतः या माशाच्या भक्तीपायी. विलायतेचा सामन मासा बाजूला ठेवून साहेब लोक याच्यामागे धावत. महाडजवळ काळ नदीत वाळणकोंड नावाचा डोह आहे. वरदायिनी देवीचं ठाणं. तिथले महसीर देवीचे, त्यांना कोणी हात लावत नाही. कुरमुरे टाकले की पाणी काळं होऊन वर येतं. मी लहानपणी तिथे गेलो होतो. एकेक मासा माझ्या दंडापेक्षा जाड. (माझा दंड त्या वेळी ब्रॅड पिटचा नव्हता, हे मान्य.) माशाला न खाता नुसतं पाहून धन्य व्हायचं, ही गोष्ट रायगड जिल्ह्याला मोंटानाच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे, गळाशिवाय. लोणावळ्याला वळवणच्या तळ्याकाठी टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकापासून महसीराची पिल्लं वाढवली. आणि मी पुणेकर असून इथे परदेशी पाहुण्या माशांपुढे काठी हलवतोय!

हा अभिमान मी मिझुरीच्या मध्यभागी उभा राहून बराच वेळ केला. माशी कुठे गेली मला माहीत नव्हतं. मग बाबलने वल्ही न थांबवता विचारलं, "मगे आता आसत ते मासे? मुठेत?"

मी जन्मलो तेव्हाच नव्हते बहुतेक. माझे वडील ओंकारेश्वराजवळ मुठेत पोहायला शिकले. मी टिळक टँकवर शिकलो. नदीपात्रात पावसाळा सोडून जे वाहतं त्याच्याकडे पुलावरून पाहायचीसुद्धा आम्हाला सवय राहिलेली नाही. गणपती बुडवायला तरी पाणी सोडा, अशी मागणी करावी लागते. खडकवासल्याचं धरण शहराच्या वर आहे, होल्टर धरणही या पट्ट्याच्या वर आहे. १९१८ साली पूर्ण झालेल्या त्या धरणातून बारा महिने थंड, एकसारखं पाणी सुटत राहतं, म्हणून खाली मैलामागे हजारोंनी ट्राउट नांदतात. आमच्याही धरणाखाली पाणी आहे, पण ते धरणातून आलेलं नाही, आमच्या न्हाणीघरांतून आलेलं आहे. मोंटानात नदीचं पाणी सलग तीन दिवस ७३ अंश फॅरनहाइटला पोचलं तर दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत गळ टाकायला बंदी घालतात, माशांना दम लागू नये म्हणून. दुपारी बंद! हा मान आमच्याकडे फक्त दुकानदारांनी मिळवला. ज्या नदीच्या माशाने लंडनपर्यंत नाव नेलं तिच्या काठी नाकाला रुमाल लावून चालायचं, त्याला कोणाला राग येत नाही, आणि मी मात्र बारा हजारांहून जास्त किलोमीटरवर येऊन एका परक्या नदीत हात ओले करून, मासा दुखावू नये म्हणून जपून धरायला शिकतो. हे काही विनोदाचं नाही. मी त्या वेळी होडीत गप्प बसलो, आणि डॉक्टरनेही आकडा विचारला नाही.

तेवढ्यात बाबल ओरडला, "उचल रे!"

मी काठी उचलली. ती वाकली आणि वाकलेलीच राहिली. पुढचं सगळं मला ब्रॅड पिटसारखं आठवतं. डॉक्टरला वेगळं आठवतं. दोर रिळावरून करकरत सुटला, मासा नदीच्या पलीकडच्या काठाकडे निघाला आणि बाबल होडी त्याच्यामागून नेऊ लागला. मी "सोडतोय, सोडतोय" असं कोणाला तरी सांगत होतो. बाबलने होडी संथ पाण्यात आणली, नांगर टाकला, हात ओले केले आणि मासा जाळीत घेतला. ब्राउन. सोनेरी पोट, काळे ठिपके, मधूनच तांबडे. अठरा इंच. डॉक्टर म्हणतो सोळा, आणि मोजमाप हा त्याचा धंदा आहे.

बाबलचा अंगठा माशाच्या कल्ल्याकडे गेला आणि तिथेच थांबला. मासा त्याच्या हातात उसळ्या मारत होता, तरी ताजा आहे का ते बघायचा हात त्याला आवरेना. "बरो आसा," तो म्हणाला आणि त्याने मासा माझ्याकडे दिला.

आता फोटो. या क्षणासाठी मी आरशासमोर जे हसू बसवलं होतं ते तयार होतं: विजयी नाही, नम्रही नाही, निसर्गाशी जुनी ओळख असल्यासारखं. मासा पाण्याबाहेर जास्त वेळ धरायचा नसतो, म्हणून मी तो पाण्यालगत धरला आणि डॉक्टरकडे पाहिलं. डॉक्टर चष्मा शोधत होता. माशाने माझ्या हसण्याची वाट पाहिली नाही. फोटोत त्याची शेपूट आहे, पाण्याचे शिंतोडे आहेत, मी आहे आणि डाव्या कडेला बाबलचं कोपर आहे.

खरं म्हणजे मासा त्या कोपराच्या मालकीचा होता. त्या खडकामागे तो बराच वेळ वर येत होता, हे बाबलने हेरलं होतं. मी सायक्समध्ये असताना त्याने होडी दोन-तीनदा मागे ओढून अशी लावली की माझी विसरलेली माशी त्या माशाच्या तोंडावरूनच गेली पाहिजे. मी म्हणालो, "मग सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला, "तुका सांगलां असतां, तर तू काठी फिरवूक लागलंस असतंस."

संध्याकाळी होडी काठाला लावताना बाबल डावा पाय आखडून उतरला. डॉक्टरने विचारलं, काय झालं. दिवसभर तो पाय पुढे रोवून, दुसरा मुडपून बसला होता, म्हणून. वल्ह्यावर असं कशाला बसायचं, इथे तर टेकायला खाच आहे, असं मी म्हटलं. तेव्हा त्याने सांगितलं की बापूस असाच बसायचा. त्याच्या वडिलांची देवगडच्या खाडीत होडी होती. ते गेले तेव्हा तो इकडे होता. विमान मिळून घरी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. एवढी वर्षं आम्ही एकमेकांना ओळखतो, आणि त्याच्या तोंडून वडिलांचं नाव मी त्या दिवशी ऐकलं. मग त्याने होडीतलं पाणी उपसलं, माझ्या काठीचे चार तुकडे सोडवून पिशवीत घातले आणि "भूक लागली मरे" म्हणाला.

हेलेनाला परत जाऊन आम्ही एका हॉटेलात बसलो. मी उकडलेला बटाटा मागवला. बाबलने मेनूकार्ड उघडलं आणि त्याचं तोंड फुललं: ट्राउट. दिवसभर नदीत पाहिलेला मासा ताटात येणार म्हणून तो हळवा झाला. हा नदीतला नव्हे, तळ्यात वाढवलेला, बहुतेक आयडाहोचा, असं मी त्याला सांगितलं. त्याने ते ऐकलं नाही. ट्राउट आला. लोणी, लिंबू, बदामाचे काप. बाबलने पहिला घास घेतला, बराच वेळ चावला आणि आमच्याकडे पाहिलं.

"मऊ आसा," तो म्हणाला. "तिरफळ नाय, कोकम नाय, खोबरां नाय. मासो बिचारो काय करतलो?"

ट्राउटविषयीचं हे मत मी इथे जसंच्या तसं नोंदवतो, कारण आमच्या होडीत चवीचा अधिकार असलेला माणूस तो एकच होता. ज्यांना शंका असेल त्यांनी जुलैत यावं. काठी माझी आहे, शक्यता डॉक्टर सांगेल, वल्हवायला बाबल आहे. तिरफळं मात्र स्वतःची आणावीत, आणि विमानतळावर विचारलं तर लपवू नयेत.